तलवार आणि तिच्याखालची चिठ्ठी

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आपल्याकडची जुनी माणसं अजब बंगला म्हणतात. १८६३ सालचं हे संग्रहालय. अमरावती-अकोल्याकडचा माणूस कामानिमित्त नागपुरास गेला, की वेळ काढून तिथे डोकावून येई. काय पाहिलं म्हणून विचारावं, तर भुसा भरलेली जनावरं पाहिली, तलवारी पाहिल्या, असं उत्तर मिळे. वस्तूखालची चिठ्ठी सहसा कोणी वाचत नसे. पण वाद होतात ते या चिठ्ठीवरूनच.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली. आधी साताऱ्यास आणि २०२५ च्या फेब्रुवारीत नागपुरास ती लोकांना पाहायला मिळाली. साताऱ्याचा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्याकडे ती होती. ही शिवाजीची वाघनखे, असं सोबतच्या पेटीवर लिहिलेलं आहे. पण अफझलखान पडला १६५९ साली, आणि डफ साताऱ्याचा कारभार पाहू लागला १८१८ साली. मधल्या काळाचा दाखला कुठे आहे? ती महाराजांचीच, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालयही म्हणतं. आपल्याकडच्या इतिहास-अभ्यासकांनी हीच शंका काढली, तेव्हा पुष्कळांना राग आला. पण महाराजांचं मोठेपण काही त्या नखांवर अवलंबून नाही. मग खरं तेवढं लिहायला भ्यायचं कशाला?

आता आपल्या घराजवळची गोष्ट. नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ च्या एप्रिलात लंडनला लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पातं युरोपातलं असून त्यावर सोन्याने देवनागरीत रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब आहे. आपला ठेवा घरी आला, याचा आनंद मलाही झाला. पण तिच्याखाली काय लिहायचं?

नागपूरकर लिहील, की या पुरुषाने मराठ्यांचा दरारा थेट बंगालपर्यंत नेला. ते खरंच आहे. १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने १२ लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओरिसा भोसल्यांच्या हाती आला. पण त्याआधी सुमारे दहा वर्षं बंगालची गावं लुटली-जाळली गेली, हेही खरं. तिथल्या आया पोरांना निजवताना अजून बर्गी आल्याचं गाणं म्हणतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर! देश एक म्हणायचा, तर ती बंगाली माउलीही आपलीच झाली.

आणि आपला वऱ्हाडी कुणबी? त्याच्या डोक्यावर दोअमली होती. वसुलातले ढोबळमानाने साठ टक्के निजामाचे, चाळीस भोसल्यांचे. पीक एक आणि धनी दोन! त्या चिठ्ठीवर एक ओळ त्याचीही हवी.

असं लिहिल्याने रघुजी लहान होत नाहीत. उलट पाहणाऱ्याला कळतं, की आपल्यापासून काही लपवलेलं नाही. मग त्यांच्या पराक्रमाची ओळही तो विश्वासाने वाचतो.

गुरुजनांना एक विनंती. मुलांची सहल गाविलगडावर किंवा आडगावला न्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर इंग्रज जिंकले. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. तिथे मुलांकडून पाटी-पेन्सिलीने एकेक चिठ्ठी लिहवून घ्या. इथे काय घडलं, ते कशावरून कळलं, आणि त्या दिवशी पायथ्याच्या गावातल्या माणसांचं काय झालं असेल? तिसऱ्या प्रश्नाला मुलं अडतील. अडू द्या. तिथूनच ती गावातल्या म्हाताऱ्यांना आणि जुन्या कागदांना विचारू लागतील.