हैदराबाद–भारत संघर्ष (१९४७–४८) : केज व बीड मुलूख

इंग्रजांचे अधिराज्य १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपुष्टात आल्यावर निजामाचे हैदराबाद संस्थान व नवस्वतंत्र भारत या दोन शेजारी राज्यांत उद्भवलेला, आणि तेरा महिन्यांनी भारतीय सेनेच्या कारवाईने निकालात निघालेला राजकीय पेच. बीड–अंबाजोगाई मार्गावरील केज त्या वेळी निजामाच्या बीड जिल्ह्यात मोडत असे.

हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मुलखांचा इतिहास परस्परांत गुंतलेला होता. बीड जिल्ह्यातच, गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, आणि १७९५ ची खर्ड्याची लढाईही याच परिसरात झाली. तथापि तहांनी व जहागिरींनी आखलेल्या हद्दीने भाषा, सोयरीक व पंढरीची वाट कधीच तोडली नव्हती. पलीकडे इंग्रजी अमलातील कलदार रुपया चाले, अलीकडे निजामाचा हाली. सात हालींना सहा कलदार हा हिशोब व्यापाऱ्यांच्या नित्याच्या व्यवहारातला होता. मालावर जकात घेणारी करोडगिरीची नाकी, दरबारची उर्दू आणि फर्मानांचा अंमल एवढ्यांतच काय ते निराळे राज्य रयतेस जाणवे.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच फर्मान काढून भारत व पाकिस्तान यांपैकी कोणत्याही राज्यात सामील न होण्याचा मनसुबा जाहीर केला. बहुसंख्य हिंदू प्रजा आणि चहूंकडून भारताने वेढलेला प्रदेश पाहता हा हट्ट टिकण्याजोगा नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एका वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला खरा, परंतु हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले व संस्थानात भारतीय चलनावर निर्बंध घातले. हैदराबादचे गाऱ्हाणे असे की भारताने नाकेबंदी केली. लातूरचे वकील कासिम रझवी यांची इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना व तिचे सशस्त्र स्वयंसेवक, म्हणजे रझाकार, यांचा दरबारावर असा पगडा बसला की दिवाण लायक अली यांना तडजोडीस वाव उरला नाही.

केजच्या भागात या पेचाचे स्वरूप वाटाघाटींहून फार वेगळे होते. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी जवळच्या अंबाजोगाईत अध्यापन केलेले असल्याने तेथील अनेक तरुण निजामी राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात ओढले गेले. शिंदीची झाडे तोडून आबकारीचे उत्पन्न बुडवणे व करोडगिरीची नाकी जाळणे हे त्या लढ्याचे मार्ग होते. रझाकारांच्या जुलमास कंटाळून असंख्य कुटुंबे हद्दीपलीकडे गेली. केजच्या नैर्ऋत्येस, कळंब-येरमाळ्यापलीकडे, भारतीय हद्दीतील बार्शी होती. बार्शी, सोलापूर व नगरच्या बाजूस सरहद्दीवरील शिबिरे उभी राहिली, आणि तेथून सशस्त्र तुकड्या संस्थानात शिरत. आपल्याच सोयऱ्याच्या गावी निर्वासित होऊन राहण्याची पाळी या लोकांवर आली.

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली. सुरक्षा समितीत तक्रारीची चर्चा १६ सप्टेंबरला, म्हणजे लष्करी कारवाई सुरू झाल्यानंतर झाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सेनेने १३ सप्टेंबरला सोलापूरकडून कूच केले. नळदुर्ग, तुळजापूर पडले, औरंगाबाद व जालना पाठोपाठ ताब्यात आले. तिसऱ्या दिवशी लातूरमार्गे आलेल्या तुकड्यांस मोमिनाबादेत, म्हणजे अंबाजोगाईत, गोवळकोंडा रिसाल्याने नाममात्र प्रतिकार केला. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली व दुसऱ्या दिवशी निजामी सेना शरण गेली.

यापुढचा अध्याय मराठवाड्याच्या अभिमानाने लिहिलेल्या पुस्तकांत पुरेशा स्पष्टपणे आलेला नाही. रझाकारांच्या अपराधांचा सूड अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने आपल्या अहवालात संस्थानात २७ ते ४० हजार माणसे दगावल्याचा अंदाज केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून किमान ५ हजार मृत्यू तिने नोंदले. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला, हे त्या काळच्या केंद्र सरकारने चुकीचे केले. मुक्तिसंग्राम न्याय्य होता. ही कत्तल न्याय्य नव्हती. आणि बीड जिल्ह्याच्या इतिहासात दोहोंची नोंद आवश्यक आहे.

चौधरींचा लष्करी अंमल १९४९ अखेरपर्यंत चालला व निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाले. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाले.