उतारवय आणि इन्सुलिन

जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. त्याच्या प्रभावाने स्नायू ही साखर आत घेतात व यकृत स्वतःकडील साखर सोडणे आवरते. उतारवयात शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. तेवढ्याच साखरेसाठी अधिक इन्सुलिन लागते. यासच 'इन्सुलिन-रोध' म्हणतात. त्यात भर म्हणजे, गरजेनुसार जादा इन्सुलिन पुरविण्याची स्वादुपिंडाची क्षमताही वयानुसार घटते.

मात्र सारा दोष वयाचा नव्हे. जेवणातील साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि वयाबरोबर नेमके तेच झिजतात. पोटात व यकृतात चरबी साठत जाते. वजनाचा काटा जागचा हलत नाही, म्हणून हा बदल ध्यानी येत नाही. सडपातळ व्यक्तींनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक (बीएमआय) दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

ज्येष्ठांमध्ये उपाशीपोटीची साखर पुष्कळदा ठीक असते व जेवणानंतरची वाढलेली आढळते. म्हणून केवळ सकाळच्या तपासणीवर समाधान मानू नये. नियमित चालणे आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम (खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे हाही व्यायामच होय) यांनी इन्सुलिन-रोध कमी होतो. आहारात डाळी, अंडी, मासळी असावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

उपवासकाळासंबंधी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण टाळले तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. वृद्धांची मूत्रपिंडे मंदावलेली असल्याने औषधाचा प्रभाव रेंगाळतो. अशा वेळी घाम वा थरथर न जाणवता थेट गोंधळलेपण येते, तोल जातो आणि घरची मंडळी 'वय झाले' म्हणून सोडून देतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील १२५२ व्या नियमानुसार वयाची ५९ वर्षे पूर्ण झालेल्यांवर उपवासाचे बंधन नाही, आणि त्याहून लहान वयाच्या आजारी व्यक्तींनाही त्यातून सूट आहे. तरीही ज्यांची उपवास करण्याची इच्छा असेल, त्यांनी राखेच्या बुधवारपूर्वीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी.