साध्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट, सीएस२ चालतील का? गेमिंग लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा

आजपर्यंत मोबाईलवर गेम खेळलात, आता कॉलेजसाठी घरात लॅपटॉप आलाय. ऑफिसकामाचा साधा लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मग पहिला प्रश्न हाच पडतो: यावर व्हॅलोरंट चालेल का? की बाबांकडे गेमिंग लॅपटॉपचा विषय काढावा लागेल? सरळ उत्तर असं की काही गेम्स मस्त चालतात, काही कसेबसे चालतात आणि काहींच्या नादाला लागू नये. कोणता गेम कुठे बसतो ते आज बघूया.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. ऑनलाईन गेम म्हणजे जड गेम, असं अजिबात नाही. उलट जास्तीत जास्त लोकांच्या कॉम्प्युटरवर चालावा म्हणून असे गेम्स मुद्दाम हलके ठेवले जातात. रायट गेम्सने २०२० मध्ये व्हॅलोरंट आणला, तेव्हा ३० एफपीएससाठी किमान ग्राफिक्स सांगितलं होतं इंटेल एचडी ४०००. ही २०१२ सालची चिप आहे! रॅम फक्त ४ जीबी. म्हणजे गेल्या चार-पाच वर्षांतला बहुतेक कोणताही लॅपटॉप हा गेम उघडेल. प्रश्न उघडण्याचा नाही, नीट खेळता येण्याचा आहे.

सीएस२ ची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये तो सीएस:गो च्या जागी आला आणि बरीच मंडळी अडकली. कालपर्यंत जुन्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा गेम अचानक जड झाला. आता ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा लागते. २५६ जीबीच्या एसएसडीत विंडोज आणि कॉलेजचं सामान टाकल्यावर एवढी जागा उरतेय का, ते आधी बघा. बिल्ट-इन ग्राफिक्सवर गेम सुरू होतो, लो सेटिंगवर फिरतोही, पण समोर स्मोक फुटला की फ्रेम्स धाडकन खाली येतात. मित्रांबरोबर टाईमपास म्हणून ठीक, रँक चढवायला नाही.

आणि पीसीवरचा पबजी? त्याची किमान अटच जीटीएक्स ९६० सारखं वेगळं कार्ड आहे. साध्या लॅपटॉपवर तो विसरा. बीजीएमआय हा मोबाईलचाच गेम आहे, तो इम्युलेटरवर खेळून अकाउंट घालवू नका.

खरी मेख रॅममध्ये आहे

ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वेगळ्या ग्राफिक्स कार्डला स्वतःची मेमरी असते. बिल्ट-इन ग्राफिक्सला नसते, ते तुमच्या लॅपटॉपचीच रॅम वापरतं. त्यामुळे रॅम किती जीबी आहे याइतकंच ती किती स्टिक्समध्ये आहे हेही महत्त्वाचं. डीडीआर४ ३२०० ची एकच स्टिक असेल तर सेकंदाला साधारण २५.६ जीबी डेटा ये-जा करू शकतो. दोन स्टिक्स लावल्या की ५१.२ जीबी. रस्ता एक लेनचा होता, तो दोन लेनचा झाला.

माझ्या मामेभावाचंच उदाहरण घ्या. सांगलीला डिप्लोमा करतो. लॅपटॉपवर आय५ चा स्टिकर, पण व्हॅलोरंट अडखळत होता. दुकानदार म्हणाला, 'हा गेमिंगचा नाही, दुसरा घ्या.' मामा पैशांची जुळवाजुळव करायला लागले होते. मी टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर ८ जीबीची एकच स्टिक आणि एक स्लॉट रिकामा. तशीच दुसरी स्टिक टाकली आणि गंमत म्हणजे ग्राफिक्सचं नावच बदललं! आधी 'यूएचडी ग्राफिक्स' दिसत होतं, आता 'आयरिस एक्सई'. ही जादू नाही बरं का. ड्युअल चॅनेल रॅम असल्याशिवाय इंटेलची ती चिप आयरिस एक्सई हे नाव लावतच नाही. अडखळणं थांबलं, दुसऱ्या लॅपटॉपचा खर्च वाचला.

तुम्हीही बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि 'स्लॉट्स यूज्ड' वाचा. '१ ऑफ २' दिसलं तर पहिला खर्च कुठे करायचा ते कळलं. पण काही पातळ लॅपटॉप्समध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही. स्टिक घेण्याआधी मॉडेलचं नाव टाकून खात्री करा आणि वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरमधूनच बसवून घ्या.

नवीन लॅपटॉप घ्यायचा असेल तर नंबरांना भुलू नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ऐकायला सख्खे भाऊ वाटतात. पहिल्यात ग्राफिक्सचे फक्त २ कोअर आहेत, दुसऱ्यात ७. गेमिंगसाठी हा फरक फार मोठा आहे, आणि स्टिकरवर दोन्हीकडे नुसतं 'रायझन ५' लिहिलेलं असतं.

सेटिंगमध्ये काय बदलायचं?

सगळ्यात आधी रिझोल्यूशन. १०८० पी वर प्रत्येक फ्रेमला जवळपास २१ लाख पिक्सेल काढावे लागतात, ७२० पी वर सव्वानऊ लाखांच्या आसपास. निम्म्याहून जास्त काम कमी! चित्र थोडं धूसर दिसेल, पण शत्रू वेळेवर दिसेल. नंतर शॅडो आणि अँटी-अलायझिंग कमी करा. चार्जर लावूनच खेळा. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, हवेची वाट बंद झाली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. पहिला सामना छान आणि तिसऱ्या सामन्यात लॅग, असं होत असेल तर बहुतेक कारण हेच. 'एफपीएस बूस्टर' नावाची फुकट सॉफ्टवेअर्स मात्र टाकू नका, त्यातून व्हायरस येण्याचीच शक्यता जास्त.

विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतं. एरर आला तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागेल, पण आधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर गेम राहिला बाजूला, असाइनमेंटसकट लॅपटॉप लॉक होऊन बसेल.

लॅग नक्की कुठला?

दोन वेगवेगळ्या त्रासांना आपण 'लॅग' हे एकच नाव देतो. जागेवर उभं राहून माऊस गोल फिरवा. चित्र अडखळत असेल तर दोष लॅपटॉपचा. चित्र गुळगुळीत फिरतंय, पण समोरचा खेळाडू इथून तिथे उड्या मारतोय, तर दोष नेटचा. मग कितीही महागडा गेमिंग लॅपटॉप आणा, काहीही फरक पडणार नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून पिंग कमी यायला हवा. येत नसेल तर राऊटरपासून लॅनची वायर लावून बघा, ते जमत नसेल तर वायफाय २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झवर घ्या. मोबाईल हॉटस्पॉटवर पिंग सतत वर-खाली होतो, तिथे रँक्ड खेळू नका.

स्टीमवर एखादा गेम विकत घ्यायची इच्छा आहे, पण चालेल की नाही शंका आहे? घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर रिफंड मागता येतो. डाउनलोड झाल्या झाल्या सगळ्या सेटिंग्ज लो करा आणि थेट सर्वांत गर्दीच्या मॅपमध्ये उतरा. सुरुवातीची गोष्ट बघण्यात ते दोन तास घालवू नका.