परावर्तक दुर्बिणीतील उष्णतेचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा (चंद्रपूर-गडचिरोली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
दुर्बिणीचा इतिहास बहुधा आरशांच्या वाढत्या व्यासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आरसा व सभोवतालची हवा यांच्या तापमानातील तफावत दूर करण्याचे प्रयत्न हा त्याच इतिहासाचा दुर्लक्षित भाग होय. वनाच्छादित चंद्रपूर-गडचिरोलीत अंधारे आकाश आजही उपलब्ध आहे; परंतु दिवसाचे तापमानही तितकेच प्रखर असते. म्हणून येथील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा भाग विचारात घेणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक आढावा :
न्यूटनने १६६८ मध्ये तयार केलेल्या परावर्तक दुर्बिणीचा आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा होता. वातावरणाच्या थरथरीवर उंच पर्वतावरील शांत हवा हाच उपाय असल्याचे त्याने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात सुचविले. दोष वातावरणाप्रमाणेच तापलेल्या आरशातही असू शकतो, याची पद्धतशीर चिकित्सा विल्यम हर्शेलने १८०३ च्या निबंधात केली.

१८५० च्या दशकात फूको व श्टाइनहाइल यांनी काचेवर चांदीचा मुलामा देण्याची पद्धत दुर्बिणीसाठी वापरली. काचेचा आरसा वजनाला हलका. परंतु काच उष्णतेची मंद वाहक असल्याने तो सावकाश निवतो. निवेपर्यंत त्याच्या पृष्ठभागालगत उष्ण हवेचा थर राहतो व प्रतिमा थरथरते. माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीच्या पहिल्या रात्री, १ नोव्हेंबर १९१७ रोजी, गुरूच्या अनेक प्रतिमा एकमेकींवर दिसल्या. दिवसा घुमट उघडा राहिल्याने आरसा तापला होता. पहाटे तो निवल्यावर अभिजित तारा स्पष्ट दिसला. पुढे पालोमारच्या २०० इंची आरशासाठी कमी प्रसरण पावणारी पायरेक्स काच व मागील बाजूस पोकळ कप्पे यांची योजना १९३४ मध्ये करण्यात आली.

महाराष्ट्रात काचेच्या मोठ्या आरशाचे युग महाविद्यालयातूनच सुरू झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची दुर्बीण त्यांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली.

स्थानिक संदर्भ :
चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मार्चमध्येही दिवस व रात्र यांच्या तापमानात सुमारे १५ अंशांचा फरक पडतो. बंद खोलीतून सायंकाळी बाहेर काढलेल्या ८ इंची दुर्बिणीचा जाड आरसा निवण्यास साधारणपणे १ ते २ तास लागतात. तत्पूर्वी विद्यार्थ्यास दाखविलेला शनी उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो. मग यंत्रच सदोष ठरवून कपाटात ठेवले जाण्याचा धोका असतो. उपाय मात्र अल्पखर्चिक आहेत : दुर्बीण दुपारपासून हवेशीर सावलीत ठेवणे, आरशाची मागील बाजू मोकळी ठेवून तेथे संगणकातील लहान पंखा बसविणे, आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडणाऱ्या सिमेंटच्या गच्चीऐवजी गवताळ मैदानावरून निरीक्षण करणे.

निष्कर्ष :
हर्शेलच्या निबंधापासून पालोमारपर्यंतचा अनुभव असे दर्शवितो की, वातावरणाची थरथर निरीक्षकाच्या हाती नसली तरी यंत्रातील उष्णता बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. त्यामुळे दुर्बीण निकामी ठरविण्यापूर्वी आरसा निवल्यानंतर तिची पुन्हा चाचणी घेणे, ही आकाशनिरीक्षण कार्यक्रमाची पहिली पायरी मानली जावी.