आलवण
आलवण : केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेचे तांबडे लुगडे. ते चोळीशिवाय नेसत आणि पदर कपाळापर्यंत ओढून घेत. मुंडण केलेले डोके त्याखाली झाकले जाई. ‘सोवळी होणे’ म्हणजे हीच अवस्था. केस राखलेल्या विधवेला ‘सकेशा’ म्हणत, आणि तिच्या हातचे पाणीही कर्मठ घरांत चालत नसे. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीची (‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध) नायिका यमू आपली हकीकत स्वतःच सांगते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिचे केशवपन बळजबरीने होते. लेखक पुरुष असला तरी हे वस्त्र वाचकाला नेसणारीच्या बाजूने दिसते, ते या निवेदनामुळे. म्हणून ‘आलवणात गेली’ हे शब्दही निव्वळ पोशाखाविषयी नाहीत. बाईच्या डोक्यावरचे केससुद्धा तिच्या मालकीचे नव्हते, असे ते सांगतात. केशवपनाला विरोध करणारे केवळ सुशिक्षित सुधारक नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी १८९० मध्येच विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा ठराव केला होता.