मानमोडी, स्वाइन फ्लू आणि आमची आजी

२००९ सालच्या गणपतीत पुण्याचे मामा इंदूरला आले नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला होता. शाळा बंद होत्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. मामांची दोन्ही मुले तापाने पडली. त्यांच्या उशाशी बसणारी, ऐंशी ओलांडलेली आजी मात्र ठणठणीत! "देवाची कृपा," ती म्हणाली. कृपा होतीच, पण त्यामागे नव्वद वर्षांचा इतिहासही होता, हे मला पुढे वाचनातून कळले.

तो सुरू होतो १९१८ मध्ये. महायुद्धाच्या अखेरीस मुंबई बंदरातून शिरलेली साथ रेल्वेने देशभर पसरली. आपल्याकडे तिला 'मानमोडी' म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला तो १९३३ साली, लंडनमध्ये.

या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिने काट्यांसारखी उभी असतात. हिमॅग्लुटिनिन, म्हणजे 'एच', आपल्या पेशीला चिकटून विषाणूला आत शिरवते. न्यूरामिनिडेज, म्हणजे 'एन', तयार झालेल्या नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवते. आपले शरीर विषाणूला ओळखते ते मुख्यतः या दोघांवरून. एच१एन१ ही नावे त्यातूनच आली.

विषाणूच्या नकला निघताना चुका होतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत. त्यामुळे ही प्रथिने हळूहळू बदलत राहतात. दुसरा बदल एकदम होतो. विषाणूची जनुके आठ तुकड्यांत असतात. पक्ष्याचा आणि माणसाचा विषाणू एकाच पेशीत शिरला तर तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. १९५७ साली अशाच अदलाबदलीतून एच आणि एन दोन्ही नवे आले. १९६८ मध्ये एच बदलले, एन जुनेच राहिले. दोन्ही वेळा जगभर साथ पसरली.

१९१८ च्या विषाणूचे काय? १९९७ मध्ये बहात्तर वर्षांचे डॉ. योहान हुल्टिन अलास्कातील ब्रेव्हिग मिशन येथे गेले आणि बर्फाळ जमिनीतल्या जुन्या दफनातून फुप्फुसाचा नमुना घेऊन आले. त्यावरून जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने विषाणूची जनुके वाचली; २००५ पर्यंत आठही तुकडे पूर्ण झाले.

आता गाठ जुळते. १९१८ च्या सुमारास हा विषाणू डुकरांतही शिरला होता. तिथे त्याचे एच सावकाश बदलत राहिले आणि २००९ मध्ये तेच माणसांत परतले. आजीच्या पिढीला लहानपणी मानमोडीच्या विषाणूचे जवळचे वंशज भेटले होते. त्यामुळे त्या पिढीतल्या अनेकांच्या रक्तात ती ओळख शिल्लक होती. पुढच्या पिढ्यांना भेटलेला एच१ बराच बदललेला होता.

पण ही ओळख त्या एकाच घराण्यापुरती. हे आम्हाला कळले नाही. "आजीला फ्लू बाधत नाही" असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. काही वर्षांनी साध्या फ्लूचे निमित्त झाले, न्यूमोनिया झाला आणि आजी गेली. लस द्यावी असे कोणाच्याही मनात आले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचा आढावा घेते, कारण एच आणि एन स्थिर राहत नाहीत. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या लसीबद्दल यंदा डॉक्टरांना अवश्य विचारा. मागच्या वर्षीची लस यंदा पुरेलच असे धरू नका.