‘टिन्सेल’ : एका शब्दाचा अर्थापकर्ष

इंग्रजीतील ‘टिन्सेल’ या शब्दाचा आजचा ध्वनी हिणकस चकाकीचा आहे. नाताळच्या झाडावरील चंदेरी झिरमिळ्या आणि हॉलिवुडला उपहासाने दिलेले ‘टिन्सेलटाउन’ हे नाव ही त्याची परिचित उदाहरणे होत. हाच अर्थ गृहीत धरून सोळाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रे वाचू लागल्यास मात्र अभ्यासकाची फसगत होते. तेथील टिन्सेल नकली नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘सिंटिला’, म्हणजे ठिणगी. वर्णविपर्यास होऊन जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एस्तिन्सेल’ झाले आणि इंग्रजीत येताना आरंभीचा स्वर गळाला. पंधराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजीत या शब्दाने सोन्यारुप्याच्या तारांनी विणलेल्या वस्त्राचा बोध होई. एलिझाबेथ राणीच्या 1574 च्या पोशाखविषयक जाहीरनाम्यात सोन्यारुप्याच्या वस्त्रांच्या जोडीनेच टिन्सेलयुक्त साटीनचा निर्देश आहे. पुरुषांपैकी बॅरन, त्यांच्या बरोबरीचे आणि त्यांहून वरच्या दर्जाचे उमराव यांनाच त्याची मुभा होती. ज्या वस्तूवर राजाज्ञेचा पहारा बसवावा लागतो, ती त्या काळी क्षुद्र मानली जात नव्हती, हे उघड आहे.

पण पहारा बसला तो चकाकीवर, आणि चकाकी ही सर्वांत सहज नक्कल होणारी गोष्ट. मुलामा दिलेल्या चांदीची तार जितकी बारीक ओढावी तितका थोड्या धातूत अधिक झगमगाट साधतो. चांदीच्या जागी तांबे घातले तर खर्च आणखी उतरतो. लंडनचा नाट्यव्यावसायिक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत नटांच्या पोशाखांसाठी घेतलेल्या तांब्याच्या लेसच्या नोंदी वारंवार येतात. रंगमंचावरचा राजा तांब्यानेच सजत होता! 1590 च्या दशकात ‘टिन्सेल’चा अर्थ चकाकत्या धातूच्या पातळ पट्ट्या असाही होऊ लागला. 1604 मध्ये पोशाखावर निर्बंध घालणारे कायदे रद्द झाले, आणि 1650 च्या दशकापर्यंत ‘दिखाऊ पण निःसत्त्व’ हा लाक्षणिक अर्थ रुळला. कायदा उठला म्हणून शब्द घसरला, असा सरळ कार्यकारणसंबंध मात्र लावता येत नाही. घसरण आधीच सुरू झालेली होती.

या संक्रमणकाळातील वाचन विशेष जपून करावे लागते. मिल्टनच्या ‘कोमस’ (1634) या नाट्यकाव्यात थेटिस या सागरदेवतेच्या पादत्राणांचे वर्णन करताना हाच शब्द येतो. प्रसंग आवाहनाचा आहे. तेथे उपहास शोधणे म्हणजे पुढचा अर्थ मागे नेणे होय.

मराठीने हा भार दोन शब्दांत वाटून दिला आहे. ‘जर’ची प्रतिष्ठा टिकली, ‘भरजरी’ हे विशेषण आजही गौरवाचेच आहे. नक्कल आली तेव्हा ‘खरी जर’ आणि ‘खोटी जर’ असा भेद विशेषणाने दाखवला गेला, मूळ शब्दाला धक्का लागला नाही. बाशिंग, मखर, ताबूत यांवर चिकटवायच्या चकचकीत पातळ पत्र्याला ‘बेगड’ म्हणतात, आणि तुच्छतेचा सारा अर्थ ‘बेगडी’ने उचलला. बेगड लावणाऱ्याला ते सोने नव्हे हे ठाऊक असतेच, त्यात कोणाची फसवणूक नसते. तरी भाषेने त्याला क्षमा केलेली नाही. 1574 च्या जाहीरनाम्याचा अनुवाद करणाऱ्याला त्यामुळे ‘जरतारी साटीन’ असेच लिहावे लागेल. ‘बेगड’ हा पर्याय 1650 नंतरच्या लेखनासाठी राखून ठेवावा लागतो.